अवघ्या ५५ मिनिटांवर

चांदणी चौक मागे पडला की अंतर किलोमीटरमध्ये मोजायची पद्धत संपते. भूगाव, भुकूम, पिरंगुट, पौड, माले असं करत, मुळशीच्या जलाशयाला बगल देत ताम्हिणीकडे जाणाऱ्या या रस्त्यावर किलोमीटरचे दगड आहेत, नाही असं नाही. पण ते बिचारे गवतात गळ्यापर्यंत बुडालेले, आणि त्यांच्या डोक्यावर लोखंडी सांगाड्यांवर जे भलेथोरले फलक उभे आहेत, ते सगळे मिनिटांत बोलतात. एक तळं, तळ्याकाठी दोन पांढऱ्या खुर्च्या, खुर्च्यांत पांढऱ्याच कपड्यांतलं एक जोडपं आणि खाली ठसठशीत अक्षरांत: 'तुमचं दुसरं घर, अवघ्या ५५ मिनिटांवर!' बावधनला हा फलक दिसतो तेव्हा ५५ मिनिटं असतात. आपण आपले रमतगमत पिरंगुटची कोंडी ओलांडून पौडच्या जवळ पोहोचतो, तिथे त्याचं जुळं भावंड उभं असतं आणि तेही ५५च सांगतं. लहानपणी आगगाडीच्या खिडकीतून चंद्र आपल्याबरोबर पळायचा, तसं हे घर आपल्याबरोबर पळत असतं.

ही मिनिटं नेमकी कुणाची, हा प्रश्न मला बरेच दिवस पडला आहे. कुणीतरी एकदा ती मोजली असणारच. माझ्या डोळ्यांपुढे एक तरुण येतो. मार्च महिन्यातला मंगळवार, पहाटेचे साडेचार. रस्त्यावर कुत्रंसुद्धा नाही. तो गाडी काढतो, श्वास रोखून निघतो, एकही चहा न घेता, एकाही म्हशीला वाट न देता सुसाट पोहोचतो आणि घड्याळाकडे बघून फोनवर सांगतो, "सर, पंचावन्न." त्या एका पुण्यवान पहाटेवर पुढे शेकडो प्लॉट विकले जातात. जुलैतल्या रविवारी याच रस्त्यावर निघालेल्या माणसाला धुक्यात तांबडे दिवे तेवढे दिसतात. पुढची गाडी कणीस खायला थांबलेली, तिच्या पुढची धबधब्याचा फोटो काढायला आणि तिच्याही पुढची का थांबली आहे हे त्या गाडीतल्यांनाही ठाऊक नसतं. त्या माणसाला ५५ मिनिटं तर नुसती वळायला लागतात.

आम्हा कोथरूडकरांना तसं या बाबतीत बोलायचा अधिकार कमीच. आमच्याकडे 'पौड फाटा' आहे. त्या फाट्यावर हजारो माणसं उतरतात, चढतात, मिसळ खातात, लग्नं ठरवतात. पण त्यातल्या किती जणांनी पौड पाहिलं असेल कोण जाणे. आमच्या सोसायटीतल्या एका गृहस्थांची अनेक वर्षं अशी समजूत होती की पौड हे बहुधा एखाद्या जुन्या सरदाराचं आडनाव असावं. पौड हे खरोखरीचं गाव आहे, मुळशी तालुक्याची कचेरी तिथे आहे, हे त्यांना फार्महाऊसचा सातबारा काढायची वेळ आली तेव्हा कळलं. शहर असंच वाढत जातं बहुतेक. आधी गावाचं नाव उचलतं, मग पाणी, मग जमीन, आणि सगळ्यात शेवटी खुद्द गाव. कोथरूडही एके काळी गावच होतं. २०२१ साली २३ गावं पुणे महापालिकेत आली, त्यात मुळशीतली सूस, म्हाळुंगे आणि बावधन बुद्रुक होती. झोपले तेव्हा ग्रामपंचायतीत होते, उठले ते महानगरात. चांदणी चौकातला जुना पूल २ ऑक्टोबर २०२२ च्या मध्यरात्री स्फोटकांनी उडवायचं ठरलं, तेव्हा सगळं पुणं टीव्हीसमोर जागं होतं. धूर विरला आणि पाहतात तो पुलाचा बराचसा सांगाडा तसाच उभा. शेवटी पोकलेननी तो ओढून पाडावा लागला. पुढच्या वर्षी ऑगस्टात नवा पूल खुला झाला, काही मिनिटं नक्की वाचली. फलकांवरचा आकडा मात्र कुणी कमी केला नाही. वाचलेली मिनिटं बहुधा भूगावात खर्ची पडतात.

ताम्हिणीला मी जाते ती घर घ्यायला नव्हे, देवीला. विंझाई ही ताम्हिणीची देवी, पुष्कळ चांद्रसेनीय कायस्थ प्रभू घराण्यांची कुलदेवता, आमच्या माहेरचीही. लग्नानंतर बाईची कुलदेवता बदलते असं म्हणतात. मला कुणी तसा लेखी आदेश दिला नाही आणि मीही बदलीसाठी अर्ज केला नाही. तेव्हा दोन्हीकडच्या देवींना सांभाळून घेणं चाललं आहे. लहानपणी बाबा आम्हाला एसटीने न्यायचे. हातात पितळी डबा, डब्यात आईने केलेल्या वड्या, पिशवीत नारळ, खण, तांदूळ. बाबा अंतर सांगायचे ते डुलकीत. "पौडपर्यंत एक डुलकी, धरण दिसेपर्यंत दुसरी, आणि तिसरी घेऊ नका, कारण मग खिडकीतून दिसतं ते चुकेल." तिसऱ्या डुलकीच्या जागी खरोखरच काहीतरी दिसायचं. एका बाजूला पाणी, दुसऱ्या बाजूला भाताची खाचरं, मध्येच डोक्यावर इरलं घेऊन वाकलेल्या बायका, लांबून पाहिलं तर शेतात कासवं उभी राहिल्यासारख्या. एसटी गेल्यावर मागे जी शांतता उरायची, तिच्यात एकच एक बेडूक बोलायचा. आईला कोण काळजी. "इथे माणसं राहतात तरी कशी हो?" ती बाबांना हळूच विचारायची. ओटीचं ताट घेऊन पुढे चाललेल्या गावातल्या बाईने एकदा ते ऐकलं आणि मागे वळून तितक्याच काळजीने विचारलं, "तुमी पुण्यात जिन्यावर राहता म्हनं?"

या बाईचं घर आता नाही, की आहे आणि मला ओळखू येत नाही, कळत नाही. देवळाच्या अलीकडे एक टपरी आहे, तिथे मी दर खेपेला चहा घेते. टपरीच्या बाकावर एक आजोबा बसलेले असतात. पांढरी टोपी, पायात रबरी बूट, आणि मांडीवर छत्री अशी आडवी ठेवलेली, की ती उघडायची वस्तू आहे असं वाटू नये. त्यांना मी यंदा विचारलं, "काय आजोबा, शहर येतंय म्हणे इकडे?"

"येतंय की," आजोबा म्हणाले. "माझ्या बापाच्या येळेपासून येतंय."

आजोबांचं म्हणणं इतिहासाला धरून होतं. या खोऱ्यात शहर पहिल्यांदा आलं ते शंभर वर्षांपूर्वी, आणि तेव्हा त्याने प्लॉट मागितले नव्हते, अख्खं खोरंच मागितलं होतं. मुंबईच्या गिरण्यांना आणि दिव्यांना वीज हवी, म्हणून टाटांनी मुळा नदीवर धरण बांधायला घेतलं. १६ एप्रिल १९२१ ला, रामनवमीच्या दिवशी, मावळे धरणाच्या जागेवर जाऊन बसले. पुढे तीनेक वर्षं चाललेल्या या मुळशी सत्याग्रहाला धरणाविरुद्धचा जगातला पहिला लढा म्हणणारे अभ्यासक आहेत. विनायकराव भुस्कुटे त्यात होते, शंकरराव देव होते, आणि पांडुरंग महादेव बापट यांना 'सेनापती' हे नाव मिळालं ते इथेच. बायका तुरुंगात गेल्या. धरण मात्र झालं. ज्या जमिनी बुडाल्या त्यांतल्या पुष्कळ सावकारांच्या नावावर होत्या, सावकार पुण्यात होते आणि मोबदला घ्यायला त्यांची ना नव्हती. कसणारा इथे, मालक तिथे, ही या खोऱ्यातली पद्धत फलकांहून बरीच जुनी आहे. मुळा खरी पूर्वेकडे पुण्याला निघालेली नदी. तिला अडवून, डोंगरातल्या बोगद्यातून पश्चिमेला वळवून, सह्याद्रीवरून खाली भिऱ्याच्या वीजघरात उतरवलं. १९२७ पासून हे पाणी भिऱ्याला उडी मारतं, मुंबईला उजेड पाडतं, आणि मग कुंडलिकेतून कोलाडला जाऊन शहरी पोरांच्या रबरी होड्या नाचवतं. पुण्याला मुळशीचं पाणी मिळावं अशी मागणी अधूनमधून होत असते. पाण्याला कुणी विचारलं तर तेही म्हणेल, मी निघालो होतो तुमच्याकडेच.

"आणि तुमच्याकडे वीज कधी आली?" मी विचारलं.

"दिवा आला तवा माझं लगीन झालेलं होतं," आजोबा म्हणाले, आणि टोपी सारखी करून पुढे, "बरंच झालं. आधी आला असता तर तिनं मला नीट बघितलं असतं."

शहर दुसऱ्यांदा आलं ते डोंगरापलीकडे, मोसे नदीच्या खोऱ्यात. वरसगावच्या जलाशयाकाठी, दासवे गावाच्या परिसरात, लवासा. या खेपेला ते इटलीहून आलं होतं. पोर्तोफिनो नावाचं तिकडे समुद्राकाठचं एक गाव आहे, त्याच्या रंगीत भिंतींवरून इथल्या भिंती रंगवल्या. पिवळ्या, गुलाबी, विटकरी. सह्याद्रीतल्या पावसाला बिचाऱ्याला इटालियन येत नाही. त्याने पहिल्या दोन-तीन वर्षांतच त्या रंगांवर आपल्या शेवाळाची मोडी लिहायला घेतली. काम भरात असताना २०१० च्या नोव्हेंबरात पर्यावरण मंत्रालयाने बांधकाम थांबवायची नोटीस दिली, मग परवानग्या, अटी, कोर्टकचेऱ्या. २०१८ मध्ये प्रकरण दिवाळखोरीच्या कायद्याखाली गेलं. लाखो माणसांनी राहावं म्हणून आखलेल्या त्या शहरात सुट्टीच्या दिवशी आजही गर्दी होते, माणसं बंधाऱ्यावर उभी राहून फोटो काढतात, वाफाळता पास्ता खातात आणि अंधार पडायच्या आत घाट उतरतात. टपरीवाल्या वहिनींनी त्याचं सार एका वाक्यात सांगितलं. त्यांच्या भावाने तिथे बांधकामावर सेंटरिंगचं काम केलं होतं. "ताई, शहर आलं, बसलं, च्या घेतला आणि 'येतो हां परत' म्हनून गेलं." वहिनींच्या बोलण्यात राग नव्हता. पाहुणा जेवून गेला नाही याची थोडी खंत होती, आणि भांडी घासायची वाचली याचं थोडं समाधान.

मला वाटतं, वाढ या गोष्टीकडे बघायची ताम्हिणीकरांची नजर पावसाने तयार केलेली आहे. ज्याच्या दाराशी इतकी अवाढव्य गोष्ट दर वर्षी न बोलावता, ठरल्या वेळी, पूर्ण संख्येनिशी येते, त्याला इतर येण्याजाण्याचं अप्रूप ते काय राहणार? २५ जुलै २०२४ ला सकाळी संपलेल्या चोवीस तासांत ताम्हिणीला ५५६ मिलिमीटर पाऊस पडला. पुण्यात अख्ख्या वर्षात सरासरी सातशे-साडेसातशे पडतो. म्हणजे पुण्याचा तीन-चतुर्थांश पावसाळा ताम्हिणीने एका दिवसात उरकला. त्याच दिवशी पुण्यात सिंहगड रस्त्यावरच्या एकतानगरीत घराघरांत पाणी शिरलं, होड्या फिरल्या, आणि वर्तमानपत्रांत ताम्हिणीचं नाव चेरापुंजीच्या पंक्तीला जाऊन बसलं. मी मोठ्या उत्साहाने आजोबांना ही बातमी दिली होती. आजोबांनी ती एखाद्या दूरच्या नातेवाइकाच्या बढतीसारखी ऐकून घेतली. "मोजत नव्हते तवाबी एवढाच पडायचा," ते म्हणाले. मग जरा विचार करून, "तवा वाहून जायचा तरी. आता कुनीतरी त्याचा फोटो काढेपर्यंत थांबतो."

फोटोंचं म्हणाल, तर पावसाळ्यात शनिवार-रविवारी इथे तात्पुरतं एक शहर वसतंच. सकाळी उठतं, संध्याकाळी मोडतं. त्यात कणसं भाजणारे, भजी तळणारे, रेनकोट विकणारे, वाहतूक सावरणारे पोलीस, आणि कुठेही मध्येच गाणी लावून नाचणारे तरुण असे सगळे नागरिक असतात. प्लस व्हॅली, अंधारबन, देवकुंड अशी त्या शहराची उपनगरं. अपघात झाले की जिल्हाधिकाऱ्यांचे मनाईचे आदेश निघतात, फलक लागतात, आणि लोक त्या फलकासमोर उभं राहून फोटो काढतात. इथलं जंगल २०१३ पासून अभयारण्य आहे. त्यातलं शेकरू ऐनावरून जांभळावर, जांभळावरून हिरड्यावर उड्या मारत सारं पाहत असतं. महाराष्ट्राचा राज्यप्राणी असूनही त्याच्यापुढे कणीस धरणाऱ्यांची कमी नाही.

पण मला सांगायचं होतं ते गोठ्याबद्दल. देवळामागच्या वाटेने वर गेलं की उतारावर चार-सहा घरं आहेत. पावसाळ्याआधी इथली घरं स्वतःला गुंडाळून घेतात. पश्चिमेच्या भिंतीला बाहेरून पेंढा, झावळ्या, कारवीचे कूड लावायचे, लाकूडफाटा आत भरायचा, आणि चार महिने घराने डोळे मिटून बसायचं. आता पेंढ्याच्या जागी प्लास्टिकचा कागद आला आहे, आणि प्लास्टिकपेक्षाही टिकाऊ म्हणजे फ्लेक्स. मेच्या शेवटच्या वळवात फलकांचे सांगाडे वाकतात, फ्लेक्स फाटून रस्त्यावर येतो, आणि मग तो कुणाचाच नसतो. एका गोठ्याच्या वाऱ्याकडच्या बाजूला मी तो पाहिला. तेच तळं, त्याच पांढऱ्या खुर्च्या, तेच जोडपं. फक्त उलटं लावलेलं. आभाळ खाली, तळं वर. जोडप्यातल्या बाईच्या हातातला पेला बरोबर दाव्याच्या खुंटीपाशी आला होता आणि तिच्या गालाला एक गाभण म्हैस मोठ्या मायेने पाठ घाशीत होती. आत शिरल्यावर उबदार, ओला, शेणामुताचा आणि कडब्याचा वास. कागदावर पावसाचा ताशा वाजत होता, पण म्हशीच्या अंगावर थेंब येत नव्हता. घरची सून धार काढत बसली होती. मी टक लावून बघतेय म्हटल्यावर ती थोडी ओशाळली. "उलटा लागलाय," ती म्हणाली, "पर पानी कुठून आत येत न्हाय." इतक्या दिमाखाने उभारलेल्या प्रकल्पांपैकी ठरल्याप्रमाणे ताबा दिलेला आणि एकही गळती नसलेला मला माहीत असलेला हा एकच.

गोठ्याच्या पलीकडे एका फार्महाऊसचं फाटक आहे. तिथल्या राखणदार मामांशी माझी जुनी ओळख. ही सगळी जमीन त्यांच्या आजोबांची. बहिणीचं लग्न, आईचं आजारपण, मग एजंट, मग आणखी एक एजंट, असं करत ती गुंठ्यागुंठ्याने गेली. २०१८ साली 'मुळशी पॅटर्न' हा सिनेमा आला तेव्हा अर्ध्या महाराष्ट्राला ही कथा कळली. त्यात पिस्तुलं होती, मामांच्या कथेत नाहीत. मामांच्या कथेत एक झारी आहे. मालक वर्षातून दोनदा येतात, दिवाळीनंतर आणि एकदा आंब्याला. बाकीचे दिवस मामा तिथे राहतात, आजोबांनी लावलेल्या आंब्याला कठडा करतात आणि मालकांनी लावलेल्या परदेशी गवताला झारीने पाणी घालतात. ताम्हिणीत, जिथे चार महिने गवत आवरता आवरत नाही तिथे, पैसे देऊन आणलेलं गवत. "जमीन माझी व्हती तवा घर गळायचं," मामा हिशेब सांगत होते. "आता घर गळत न्हाय, पर जमीन माझी न्हाय. पगार येतो. ऱ्हातो मीच." मग त्यांनी मला हद्दीचे दगड दाखवले, विहिरीची जागा दाखवली, कुठल्या बांधावर वडलांनी त्यांना शेवटचं मारलं होतं ती जागाही दाखवली. मालकांनी बंगल्याचं नाव इंग्रजीत ठेवलं आहे. मामांना ते उच्चारता येत नाही, म्हणून ते त्या जागेला अजून जुन्या नावानेच हाक मारतात, 'थोरलं खाचर'. कुरियरवाल्यालाही ते तोच पत्ता सांगतात, आणि तो बरोबर पोहोचतो.

मग या लोकांना हवं तरी काय आहे? वाढ नको आहे असं मुळीच नाही. शहरी मंडळी गावाकडे येऊन 'हे असंच राहायला हवं' म्हणतात, तेव्हा मला कानकोंडं होतं. आपण लिफ्टने घरी जायचं आणि दुसऱ्याने आपल्यासाठी इरलं घालून वाकायचं. वहिनींना हवा आहे रात्री मुक्कामाला असणारा डॉक्टर. सुनेला हवा आहे दुधाला आणखी थोडा भाव. आणि वहिनींच्या लेकीला हवी आहे रेंज. ही मुलगी बी.कॉम. झाली आहे, हिंजवडीतल्या एका कंपनीत कामाला लागली आहे. हिंजवडी मुळशी तालुक्यातच आहे, हे फार जणांच्या ध्यानात नसतं. एकाच तालुक्याच्या पूर्वेच्या टोकाला काचेच्या इमारतींत बसून माणसं अमेरिकेतल्या बँकांची खाती जुळवतात, आणि पश्चिमेच्या टोकाला ही मुलगी सुट्टीच्या दिवशी साहेबांना 'हो सर' म्हणायला चढावरच्या एका ठरावीक कातळावर जाऊन उभी राहते. कातळाला सगळे 'टॉवर' म्हणतात. पहाटे अंधारात ती निघते, आधी एसटी, मग पिरंगुटपासून मैत्रिणीची स्कूटर. परत येते तेव्हा पुन्हा अंधारच. तिने मला अगदी निरागसपणे विचारलं, "मावशी, त्या बोर्डवरच्या पंचावन्न मिनिटांत जी गाडी पोचते ना, ती सुटते कुठून? मला तीच पकडायची आहे."

मी काय सांगणार? मी तिला दोन वड्या दिल्या. आईच्या हाताची सर त्यांना नाही, पण तिने त्या टॉवरवर नेऊन खाल्ल्या.

निघताना आजोबा अजून बाकावरच होते. पाऊस थांबला होता, म्हणजे ताम्हिणीच्या हिशेबाने थांबला होता. पुण्याच्या हिशेबाने तो जोरदार सरींमध्ये मोडला असता. रिंगरोडची मोजणी कुठवर आली, मुळशीतली कुठली गावं त्यात जातात, अशी बाकावर चर्चा चालली होती. प्रत्येकाचं मत वेगळं आणि प्रत्येकाकडे खात्रीची आतली बातमी. आजोबांनी मला हाताने थांबवलं.

"ताई, येक विचारू? तुमचं पुनं कधी पुरं व्हनार?"

"म्हणजे?"

"म्हंजे मी पोरगा व्हतो तवा गेलतो, तवा खांदत व्हते. मागल्या साली डोळं दाखवाय गेलतो, तवाबी खांदत व्हते. काय राह्यलंय का अजून?"

मी मेट्रोचं सांगितलं, पाण्याच्या नव्या वाहिन्यांचं सांगितलं, पुलांचं सांगितलं, जे पूल बांधून झाल्यावर मेट्रोसाठी पाडले आणि आता परत बांधले त्यांचंही सांगितलं. आजोबा शांतपणे ऐकत राहिले. शाळेतल्या मुलाच्या सबबी मास्तर ऐकतात तसे.

"मग आधी तुमचं आवरून घ्या की," ते म्हणाले. "आमचं काय, आमी हाय हितंच. कुठं जातोय?"

बाकावरचे सगळे हसले. मीही हसले. मग आजोबांना आठवलं की नातवाला पौडला सोडायचं आहे, एसटीचा काही नेम नाही, गाडीत जागा असली तर बरं होईल. जागा होती. नातू मागच्या सीटवर तांदळाचं गाठोडं ठेवून पुढे येऊन बसला. केस ओले करून भांग पाडलेला, पाठीला नवी कोरी सॅक. आजोबांनी खिडकीतून हात घालून त्याच्या डोक्यावरून फिरवला आणि भांग विस्कटला. पहिलं वळण येईपर्यंत तो काही बोलला नाही. वळण घेऊन टपरी दिसेनाशी झाल्यावर त्याने आरशात बघून भांग पुन्हा नीट केला, सीटबेल्ट ओढून लावला आणि विचारलं,

"मावशी, कोथरूडला कॉट बेसिसवर खोली केवढ्याला मिळते?"